आमची वाटचाल : चाळिसाव्या मिनिटाचा फोकस

चाचणीच्या रात्री पहिली वीस मिनिटं चित्र लख्ख होतं. चाळिसाव्या मिनिटाला घुमटाच्या कडेचे तारे पसरट झाले आणि तासाभरात मधलेही विस्कटले. आतून पडद्यासारखा वापरायचा, थीम पार्कमधला तो घुमट ही प्रोजेक्टरच्या लेन्स बनवणाऱ्या आमच्या छोट्याशा कारखान्याची तोवरची सगळ्यात मोठी ऑर्डर होती. सहा प्रोजेक्टर, सहा रुंद कोनाच्या लेन्स, वर दोन सुट्या. उद्घाटनाला अकरा दिवस उरले होते.

प्रोजेक्टर पुरवणाऱ्या मोठ्या कंपनीच्या माणसानं त्याच रात्री पार्कवाल्यांना कळवलं, "लेन्स कच्च्या आहेत, आमच्याकडच्या तयार आहेत, लगेच बदलून देतो." ते पत्र माझ्या हाती दोन महिन्यांनी पडलं. तोवर आमच्या आठही लेन्स खोक्यांतून परत आल्या होत्या. चूक आमची होती, हे मी कधीच नाकारलं नाही. पण कारण शोधायला आम्हाला एक दिवससुद्धा मिळाला नाही, आणि पुढची दीड वर्षं कुठेही दर द्यायला गेलो की ती गोष्ट आमच्याआधी तिथे पोचलेली असायची. याचा सल आजही आहे.

कारण सापडलं तेव्हा फार वाईट वाटलं, कारण ते कागदाच्या चिटोऱ्यावर मावणारं होतं. आम्ही बाकावर एमटीएफ, म्हणजे लेन्स बारीक तपशील किती स्पष्ट दाखवते त्याचं माप, मोजायचो तो थंड लेन्सचा. ॲल्युमिनियम दर अंशाला मीटरमागे २३ मायक्रॉन वाढतं. लेन्सची २०० मिलिमीटरची नळी ३० अंशांनी तापली की जवळजवळ १४० मायक्रॉन लांब होते. लेन्सचं तोंड एफ २.५ एवढं उघडं आणि ७.६ मायक्रॉनचा पिक्सेल धरला तर प्रोजेक्टरमधल्या चित्र घडवणाऱ्या चिपच्या बाजूला फोकसची सूट इकडे-तिकडे जेमतेम २० मायक्रॉन. काचेचा अपवर्तनांक तापून बदलतो तो वेगळाच. चिपजवळचा भिंगांचा गट जास्त तापत होता, गटांमधलं अंतर हललं, क्षेत्रवक्रता (ज्या पृष्ठावर चित्र स्पष्ट पडतं त्याचा बाक) बदलली आणि कडा आधी गेल्या.

माझे भागीदार, ज्यांना सगळा कारखाना काका म्हणतो, ते फिल्मच्या जमान्यातले. १९७३ मध्ये अमेरिकेत सॅन दिएगोला तिरप्या घुमटावर ७० मिलिमीटर फिल्म फिशआय, म्हणजे अतिरुंद कोनाच्या, लेन्सनं दाखवायला सुरुवात झाली, तेव्हापासून या धंद्यात लेन्सला काय सोसावं लागतं हे ते आम्हाला सांगत आलेत. लेन्स परत आल्यावर ते काही बोलले नाहीत. खोकी उघडली, एकेक भिंग सुटं केलं आणि फिरत्या तबकडीवर ठेवून घासलेल्या कडेला चार केसांच्या ब्रशनं पुन्हा काळा लॅकर लावत बसले. फोकसशी त्याचा संबंध नव्हता. पण कड काळी नसेल तर प्रकाश आत उधळतो आणि रात्रीचं आकाश राखाडी होतं. घुमटात तर पांढरा भाग समोरच्या भिंतीवरही प्रकाश टाकतो, म्हणूनच पडदा मुद्दाम करडा रंगवतात. तिथे आम्ही आणखी धूसरपणा का घालावा, असं काकांचं म्हणणं.

त्या दिवसांत उभे राहिले ते तारांगणाचे सर. आमची पहिली फिशआय त्यांनीच घेतली होती. १८० अंशांची, मध्यापासून ४५ अंशांवरचा तारा बरोबर अर्ध्या त्रिज्येवर पडणारी. फोनवर एवढंच म्हणाले, "शेवटचा शो आठला संपतो. किल्ली रखवालदाराकडे ठेवतो." सतरा रात्री आम्ही त्यांच्या घुमटात काढल्या. दिवसा कारखान्यात बदल, रात्री तीन तास लेन्स तापवायची आणि दर दहा मिनिटांनी पडद्यावर टाकलेल्या रेघांच्या जाळीचा फोटो. शेवटी ॲल्युमिनियमच्या नळीत स्टीलची आतली नळी उलट दिशेनं बसवली. स्टील साधारण निम्म्यानंच वाढतं, म्हणून मागचा गट हवा तेवढाच सरकतो. चिकटवलेली जोडभिंगं काढून मध्ये हवेची फट ठेवली, कारण प्रखर निळ्या प्रकाशात डिंक पिवळा पडतो. सोळाव्या रात्री तीन तासांनंतरही जाळीची रेघ पहिल्या मिनिटासारखीच बारीक होती. सतराव्या रात्री सरांनी दिवे घालवून नुसते तारे लावले आणि आम्ही सगळे गुपचूप बघत बसलो.

त्यानंतरची वर्षं बरी गेली. माणसं वाढली, प्रोजेक्टरांत लेसर आले, झेनॉनचे दिवे गेले.

नव्यानं घुमट उभारणाऱ्यांना सांगतो. दर मागताना लुमेन, म्हणजे प्रकाश किती, ते विचारता, तसं गरम लेन्सचा फोकसही विचारा. काळ्यावर पांढरी जाळी लावा आणि लाल, हिरवा, निळा वेगवेगळा बघा. कडेला रेघ तीन रंगांत फुटली तर ती लेन्स फिशआय असली तरी घुमटाची नव्हे. सपाट भिंतीवर पास झालेली लेन्स तर घेऊच नका. वक्र पडद्यावर मध्य आणि कडा यांचं अंतर वेगळं असतं, त्यासाठी लेन्सवर क्षेत्रवक्रता जुळवायची वेगळी फिरती कडी लागते. आणि कोरड्या फडक्यानं भिंग पुसू नका, आधी फुंकणीनं धूळ उडवा.

आता प्रत्येक लेन्ससोबत एक चिठ्ठी जाते : थंड असताना, चाळिसाव्या मिनिटाला आणि तीन तासांनी घेतलेलं माप. पहिली चिठ्ठी सरांच्या अक्षरातली आहे. ती काकांच्या तबकडीच्या वर भिंतीला चिकटवलेली आहे, लॅकरचे दोन थेंब तिच्यावर पडलेत.