तक्ता का देत नाही? तुम्ही विचारलंत म्हणून

दर जूनमध्ये कुणीतरी पालक विचारतातच, "सर, शेजारच्या क्लासमध्ये इंग्रजीच्या उपसर्ग-प्रत्ययांचा तक्ता देतात. तुम्ही का देत नाही?" मी 'पुढच्या आठवड्यात बघू' म्हणून वेळ मारून नेतो. यंदा एकदाचं सांगूनच टाकतो.

तक्ता होता माझ्याकडे. २००४ साली मीच बनवला, झेरॉक्स काढून दोन-दोन रुपयांना विकला. 'अन', 'डिस', 'इन', 'इम', 'इल', 'इर' या सगळ्यांपुढे एकच शब्द, नाही. 'फुल' म्हणजे भरलेलं, 'लेस' म्हणजे नसलेलं. मुलं पाढ्यासारखा म्हणायची. मार्क पडायचे, माझी कॉलर ताठ व्हायची.

त्या बॅचमधला एक मुलगा दहावीनंतर एमआयडीसीत रंगाच्या गोदामात लागला. दोन वर्षांनी रस्त्यात भेटला. चहाला बसलो, तर कप डाव्या हाताने उचलला, उजवा खिशातच. मग त्याने तो बाहेर काढला. तीन बोटं आखडलेली, कातडी गुलाबी, चकचकीत. थिनरच्या ड्रमांशेजारी वेल्डिंग चाललं होतं. ड्रम बाजूला घेऊ का, हे याने मुकादमाला विचारलंच नाही, कारण ड्रमवर 'इन्फ्लॅमेबल' लिहिलं होतं. "इन म्हणजे नाही ना, सर? तुमच्या तक्त्यात होतं." सूर तक्रारीचा नव्हता. नियम आपण बरोबर लावला होता, एवढं सरांना कळावं, अशी धडपड होती. तेच जास्त लागलं.

नियम त्याने बरोबरच लावला होता. चुकली होती शब्द तोडायची जागा. 'इन' अधिक 'फ्लॅमेबल' अशी ती जोडणी नव्हेच. 'इन्फ्लेम' म्हणजे पेटवणं, त्याला 'एबल' लागलं. लॅटिनमध्ये 'इन' दोन आहेत, एक नकाराचा आणि एक 'आत'चा, हा दुसरा. अमेरिकेतली नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशन १९२०च्या दशकापासून सांगत आली की बाबांनो, नुसतं 'फ्लॅमेबल' लिहा, लोक फसतात. अर्थ दोन्हींचा एकच, पेट घेणारं. मला हे त्या चहानंतर घरी येऊन डिक्शनरी उघडल्यावर कळलं. इंग्रजी घेऊन बीए झालेला मी.

ड्रमवर ज्वाळेचं चित्र असेल की, असं तुम्ही म्हणाल. मीही बरीच वर्षं तेच म्हणत होतो. मुकादमाला डोळे नव्हते? वेल्डिंगवाल्याला वास आला नाही? खरंय सगळं. पण मध्येच जाग येते तेव्हा मुकादम आठवत नाही. माझ्या अक्षरातला तो 'नाही' आठवतो.

बरं, मला माहीत नव्हतं असंही नाही. शाळेत संस्कृतच्या तासाला 'प्रहाराहारसंहारविहारपरिहारवत्' घोकलं होतं. उपसर्ग धातूचा अर्थ जबरदस्तीने भलतीकडे ओढून नेतो, हे पाठ होतं. 'विशुद्ध'मधला 'वि' आणि 'विफळ'मधला 'वि' वेगळं काम करतात, हे कळत होतं. 'अमूल्य' वस्तू आपण भंगारवाल्याला देत नाही. इंग्रजीतही 'प्राइसलेस' म्हणजे अमूल्य आणि 'वर्थलेस' म्हणजे कवडीमोल, शेपटी मात्र दोघांना 'लेस'चीच. कृत्य 'शेमफुल' असो की माणूस 'शेमलेस', लाज निघायची ती निघतेच. मग तक्ता बनवताना ही अक्कल कुठे गेली होती? झेरॉक्सच्या दुकानात, दुसरं काय.

आता मी फळ्यावर 'अनलॉकेबल' लिहितो आणि कुठे तोडाल, एवढंच विचारतो. अर्धा वर्ग म्हणतो, कुलूप लावता न येणारं. अर्धा म्हणतो, कुलूप उघडता येणारं. दोघंही बरोबर. चांगलं भांडण लागतं. बोर्डाच्या पेपरात याला अर्धा मार्कही नाही, हे तुमचं म्हणणं कबूल. 'अनहॅपी', 'इम्पॉसिबल', 'इल्लीगल' यांना तक्ता पुरतो, हेही कबूल. कच्च्या मुलाला तेवढाच आधार होतो आणि मी तो काढून घेतलाय, असं एक आई मागे म्हणाली. मला उत्तर सुचलं नाही.

त्या मुलाची मुलगी यंदापासून माझ्याकडे येते, पाचवीत आहे. फी भरायला तो स्वतः आला होता. डाव्या हाताने नोटा मोजल्या आणि जाता जाता म्हणाला, "सर, तो जुना तक्ता असेल ना अजून? हिला द्या की."

शोधतो म्हटलं. अजून शोधलेला नाही.