पस्तीस गुंठे

रविवार, रात्री साडेअकरा

आज आमच्या मुस्लिम समाजाच्या मेळाव्याला जाऊन आले. तालुक्याच्या गावचं मंगल कार्यालय, धाकट्या भावाच्या गाडीवर मागे बसून गेले. दारातच वाटा फुटल्या. तो समोरून, मी मागच्या जिन्याने. आत हॉलच्या मधोमध हिरवी कनात बांधलेली. आमच्या बाजूला दोन पंखे, एक स्पीकर, आणि व्यासपीठ अजिबात दिसत नव्हतं. बायका मात्र पुष्कळ होत्या. बागवान, तांबोळी, आतार, मुल्लाणी, पिंजारी, सगळ्यांकडच्या. अम्मीच्या काळी या बायका एकमेकींच्या लग्नाला जायच्या नाहीत, आज मांडीला मांडी लावून बसल्या होत्या. बरं वाटलं.

सकाळ सगळी आरक्षणात गेली. २०१४ च्या अध्यादेशातलं मुस्लिमांचं पाच टक्के, उच्च न्यायालयाने शिक्षणापुरतं ते राहू दिलं, आणि पुढे कायदाच झाला नाही म्हणून हातचं गेलं. बोलणाऱ्यांचा राग खरा होता. माझ्या वर्गातल्या हुशार मुली आठवीनंतर कुठे जातात ते मी दरवर्षी बघते, त्यामुळे मीही मनापासून टाळ्या वाजवल्या. तलाकचा विषयही निघाला. तिहेरी तलाकवरच्या २०१९ च्या कायद्याने नवऱ्याला तुरुंगात टाकलं तर बायकोला पोसणार कोण, असं एक वकील विचारत होते. प्रश्न चुकीचा नाही. पण एका दमात दिलेला तलाक सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये रद्द ठरवला, तो बायकाच तिथवर गेल्या म्हणून, हे कुणी म्हटलं नाही. १८ एप्रिल १९६६ ला समाजसुधारक हमीद दलवाईंबरोबर सात मुस्लिम बायका तोंडी तलाकच्या विरोधात मुंबईत मोर्चा घेऊन गेल्या होत्या. ते नावही कुणी घेतलं नाही. दलवाईंचं सगळंच मला पटतं असं नाही. पण त्या सात जणींना त्या दिवशी घरातून निघताना काय वाटलं असेल, हे माझ्या कैकदा मनात येतं.

जेवणानंतर बायकांचं सत्र. वक्ते एक वयस्कर मौलाना, आवाज मऊ, बोलणं समजावून सांगणाऱ्याचं. कुराणाचा पहिला शब्द उतरला तोच ‘इक्रा’, वाच, मग तो काय फक्त मुलग्यांसाठी होता का, असं त्यांनी विचारलं. पैगंबरांच्या पत्नी हजरत खदीजांच्या व्यापाराबद्दल सांगितलं. बायका मशिदीत नमाजाला येऊ शकतात, मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डानेच २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयात तसं लिहून दिलंय, हेही सांगितलं. आमच्या गावच्या मशिदीत बायकांना वुजूची, नमाजाआधी हातपाय धुण्याची, जागासुद्धा नाही, म्हणून ते ऐकताना अंगावर काटा आला. मग म्हणाले, इस्लामने चौदाशे वर्षांपूर्वी बाईला वारसाहक्क दिला. कनातीपलीकडे टाळ्यांचा कडकडाट झाला.

माझ्या शेजारी एक खाला होत्या. हळदीच्या वखारीत निवडायला जातात, नखांच्या कडा पक्क्या पिवळ्या. कुणाला ऐकवायचं म्हणून नाही, आपल्याशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या, “दिया सो खरा. पर भाई के पास है ना वो.”

त्यानंतरचं भाषण माझ्या कानावर आलंच नाही. मी हिशोब करत बसले. अब्बांची जमीन तीन एकर, म्हणजे एकशेवीस गुंठे. अम्मीचा आठवा हिस्सा, पंधरा. उरले एकशेपाच. भावाला दोन वाटे, मला एक. पस्तीस गुंठे. नऊ वर्षांत मी हा हिशोब एकदाही केला नव्हता. बहिणीला भावाच्या निम्मं का, यावर कॉलेजात असताना मी कितीदा वाद घातला असेल. पण ते निम्मं तरी माझ्या हातात कुठे आलं?

अब्बा गेले त्याच्या पुढच्या वर्षी, ईदच्या सुमारास. भाऊ सगळ्यांना घेऊन निबंधक कार्यालयात गेला. मी आणि अम्मीने हक्कसोडपत्रावर सह्या केल्या. बाहेर आल्यावर त्याने मला साडी दिली, चांगली, भारीतली. कुणी दरडावलं नाही, कुणी फसवलं नाही. बहिणीने हिस्सा मागितला तर माहेर तुटतं, एवढंच सगळ्यांना माहीत होतं, मलाही. शाळेतल्या माझ्या मैत्रिणींनी, कुणी पाटलाची कुणी माळ्याची लेक, अशाच सह्या केल्यात. त्यांचा कायदा वेगळा आणि वाटा भावाइतकाच, पण साडी तीच. आमच्यात फरक इतकाच की आम्ही हा हक्क धर्माने दिला म्हणून व्यासपीठावरून अभिमानाने सांगतो. शरियत लागू करणारा १९३७ चा कायदा आहे, त्यातच शेतजमीन वगळलेली आहे. त्यावरही कधी कुणाला आवाज चढवताना मी ऐकलेलं नाही.

अम्मीचं तर त्याआधीच झालं होतं. अब्बांचा जनाजा अंगणात होता. दोन वयस्कर बायका अम्मीला धरून जवळ घेऊन आल्या आणि म्हणाल्या, “मेहर बख्श दो, बेटा.” अम्मी हुंदके देत म्हणाली, “बख्श दी.” मेहर म्हणजे निकाहात नवऱ्याने बायकोला द्यायची कबूल केलेली रक्कम; ती माफ कर, असं त्या म्हणत होत्या. एकशे पंचवीस रुपये, निकाहनाम्यात ‘उधार’ म्हणून लिहिलेले. रक्कम काहीच नाही. पण चाळीस वर्षांत तो माणूस ती कधीही देऊ शकला असता. मेहर तिचा हक्क आहे हे तिला पहिल्यांदा कळलं ते तो सोडताना. अब्बा वाईट नव्हते. हे लिहितानाही मला त्यांच्यावर राग धरता येत नाही, आणि म्हणूनच हे इतकं अवघड आहे.

प्रश्न चिठ्ठीवर लिहून द्यायचे होते. एक मुलगी कनातीखालून हात घालून त्या पलीकडे देत होती. मी लिहिलं: आज इथे बसलेल्यांपैकी किती भावांनी बहिणीचा हिस्सा तिच्या नावावर केला?

मौलानांनी चिठ्ठी मोठ्याने वाचली. जरा थांबले. म्हणाले, सवाल वाजिब आहे. बहिणीचा हिस्सा दाबून ठेवणं गुनाह आहे, नमाज-रोजाने तो फिटत नाही. आणि लाजेपोटी ती नको म्हणाली, तर ते नको म्हणणं धरायचं नसतं, आधी तिचं तिच्या हातात द्यायचं, मग तिची मर्जी. इतकं स्पष्ट मी कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. या वेळी कनातीपलीकडून एकही टाळी आली नाही. खालांनी माझा हात धरला तो असरची, दुपारनंतरच्या नमाजाची, अजान होईपर्यंत सोडला नाही.

परतताना भाऊ ओढ्याच्या पुलापर्यंत गप्प होता. मग मान न वळवता म्हणाला, “आपा, चिठ्ठी तुझी होती?”

“हो.”

“तुला जमीन पाहिजे होती तर तेव्हाच बोलायचं होतंस.”

मी काही बोलले नाही. दारात सोडताना त्याने नेहमीसारखी पेरूची पिशवी हातात दिली. आत नेऊन ठेवली, अजून उघडली नाही.

नऊ वर्षं मी सगळ्यांना सांगत आले की मला जमीन नको, भाऊ सुखात राहू दे. आज ते खोटं वाटतंय. मला ती हवी आहे. विहिरीच्या अंगाला अब्बांनी चिकूची तीन झाडं लावली होती. त्यांना पाणी घालायला मीच जायचे, शाळेतून आल्यावर, दप्तर बांधावर टाकून. ती बाजू मला हवी आहे.