पाइनवरची दिंडी : पहिल्या हंगामाची नोंद

दक्षिण फ्रान्समध्ये, मोंपेलिएजवळच्या आलेप्पो पाइनच्या राईत थॉमेटोपिआ पिटिओकॅम्पा या पतंगाचे निरीक्षण मी सप्टेंबरमध्ये सुरू केले, तेव्हा डोक्यात सह्याद्रीचेच वेळापत्रक होते : पहिला पाऊस, कोवळी पालवी आणि मागोमाग सुरवंट. हा पतंग मात्र उलट्या क्रमाने जगतो. उन्हाळ्यात मादी पाइनच्या सुईसारख्या पानांभोवती दीडशे ते तीनशे अंडी गुंडाळल्यासारखी घालते व त्यांवर आपल्या पोटाचे खवले पसरते, आणि त्यांतून निघालेले सुरवंट हिवाळाभर खात राहतात.

हे थंडीत कसे जमते, याचे उत्तर त्यांच्या रेशमी घरट्यात आहे. मी मोजलेल्या चौदा घरट्यांपैकी अकरा फांद्यांच्या शेंड्यांवर, दक्षिणेच्या अंगाला होती, कारण दिवसभराचे ऊन तिथेच साठते. दिवसा घरट्यात ९ अंश सेल्सिअसहून अधिक ऊब मिळाली आणि रात्रीची हवा शून्याच्या वर राहिली, तरच सुरवंट रात्री चरायला बाहेर पडतात. जानेवारीतल्या माझ्या दोन फेऱ्या गोठलेल्या रात्रीच्या होत्या, त्यामुळे त्या वाया गेल्या हे आता सांगायला हरकत नाही. हिवाळे सौम्य होत गेल्याने हा पतंग फ्रान्समध्ये उत्तरेकडे सरकला आहे, त्यामागेही हेच गणित आहे.

घरटे काढून घरी आणण्याचा मोह कोणी धरू नये. वाढीच्या तिसऱ्या अवस्थेपासून, म्हणजे दुसऱ्यांदा कात टाकल्यावर, सुरवंटाच्या पाठीवर अतिसूक्ष्म, सहज गळणारे केस येतात. ते त्वचेला व डोळ्यांना भाजल्यासारखी आग लावतात, आणि हुंगायला गेलेल्या कुत्र्याची जीभ त्यांनी सडू शकते. रिकाम्या घरट्यातही ते उरतात.

३ मार्चला सकाळी दिंडी उतरली. प्रत्येकाचे डोके पुढच्याच्या शेपटाला लागलेले, अशी ती रांग खोडावरून खाली आली आणि उघड्या, उन्हातल्या मऊ मातीत कोष करायला शिरली. तिथे मी दगडांच्या खुणा ठेवल्या आहेत. बरेच कोष याच उन्हाळ्यात फुटतील, पण काही जमिनीत वर्षानुवर्षे सुप्त राहू शकतात, म्हणून त्या खुणा हलवणार नाही. जूनच्या अखेरीपासून दिवा आणि पांढरा पडदा लावायचा आहे. पतंगाला तोंडाने काही खाता येत नाही आणि तो जेमतेम एक-दोन दिवस जगतो, तेव्हा रात्री चुकवून चालणार नाही.

तोवर स्पर्धा आहे ती हुदहुद पक्ष्याशी. हे कोष उकरून खाण्यात तो पटाईत असून, परवा माझ्या खुणेपासून दोन हातांवर त्याने चार भोके पाडली आहेत.