चेन्नईचा रेसट्रॅक: बाईक चालवत नेऊ नका, आणि वालाजापेटनंतर अंधार होऊ देऊ नका

वालाजापेट ते श्रीपेरंबुदूर हा टप्पा दिवस मावळल्यावर दुचाकीवरून करायचा नाही. पुढचं काहीही विसरलात तरी चालेल, एवढं विसरू नका.

कोल्हापूरहून चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर जायचं म्हटलं की जो तो सांगतो, "नॅशनल हायवे हाय, डोळं झाकून जावा." आम्हालाही हेच सांगितलं होतं. ट्रॅक डे, म्हणजे पैसे भरून आपली बाईक रेसट्रॅकवर चालवायचा दिवस, भरवणाऱ्याने तर फोनवर आग्रहच केला की बाईक चालवतच आणा, रात्री झोप काढा, सकाळी त्याच बाईकवर ट्रॅकवर उतरा, सगळे असंच करतात. अंतर नऊशे किलोमीटरच्या वर आहे. निपाणी, बेळगाव, हुबळी, दावणगेरे, चित्रदुर्ग, तुमकूर हा भाग सरळ आणि सोपा आहे, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. राष्ट्रीय महामार्गावर दुचाकीला टोल नाही, नाक्यावर डाव्या कडेच्या पट्टीतून निघून जायचं. मुक्काम तुमकूरला करा आणि बंगळुरू उजाडताना पार करा. होसूर, कृष्णगिरी, आंबूर, वेल्लोर, सगळं छान. आंबूरची बिर्याणी खाल्ली, पुढे निघालो.

वालाजापेट मागे पडलं की रस्त्याचा स्वभाव बदलतो. चौपदरी रस्ता सहापदरी करायचं काम इथे वर्षानुवर्षं रेंगाळलंय. आम्ही गेलो तेव्हा अर्धवट उड्डाणपूल उभे होते आणि प्रत्येक पुलापाशी डायव्हर्जन. मोठ्या रस्त्यावरून अचानक खाली सर्व्हिस रोडवर उतरायचं, पुन्हा वर चढायचं. बऱ्याच ठिकाणी सूचनाफलक डायव्हर्जनच्या तोंडाशीच, म्हणजे दिसेपर्यंत ब्रेक मारायची वेळ आलेली. श्रीपेरंबुदूर आणि ओरगडमच्या पट्ट्यात मोटारींचे मोठे कारखाने आहेत, त्यामुळे कंटेनर आणि नव्या गाड्या वाहून नेणारे लांबलचक ट्रेलर रात्रभर याच रस्त्यावर. त्यांच्या धुळीत हेडलाइटचा उजेड पंधरा-वीस फुटांपलीकडे पोचत नव्हता.

चारचाकीवाल्यांना हा रस्ता नुसता खराब वाटतो. दुचाकीवाल्यासाठी इथे दोन गोष्टी जीवघेण्या आहेत. पहिली, खरवडलेलं डांबर. नवा थर टाकण्याआधी जुना खरवडतात, त्यावर लांबीच्या दिशेने चर पडतात. पुढचं चाक त्या चरांमागे जातं आणि हँडल आपोआप हलायला लागतं. अशा वेळी हँडल घट्ट धरलंत तर बाईक जास्त वळवळते. गुडघ्यांनी टाकी आवळा, हात सैल सोडा, गिअर एक खाली घ्या आणि पुढचा ब्रेक अजिबात धरू नका. दुसरी, जुन्या आणि नव्या थरामधली पायरी. चार बोटं उंच, तुमच्या दिशेला समांतर, मैलभर लांब. लेन बदलताना ती तिरकी घासत ओलांडली की टायर कडेला अडकतो आणि बाईक खालून निघून जाते. वेग कमी करा, जमेल तितकं आडवं वळा आणि मगच चढा. जागा नसेल तर आहे त्याच लेनमध्ये राहा. ट्रेलरच्या मागे कधीच राहू नका, त्याच्या चाकांखालचा खड्डा तुम्हाला दिसत नाही. एखादी कार पुढे ठेवा आणि ती कशी उसळते ते बघत चला. हेल्मेटला काळी व्हायझर असेल तर पारदर्शक बदली व्हायझर जवळ हवीच.

कावेरीपाक्कमच्या अलीकडे माझ्या मागच्या चाकात लोखंडी तुकडा घुसला. पंक्चरवाला भला माणूस होता, दहा मिनिटांत भोकात रबराची पट्टी, म्हणजे स्ट्रिप, घालून दिली आणि पैसेही रास्त घेतले. ट्यूबलेस टायरला रस्त्यासाठी एवढं पुरतं.

ट्रॅकला पुरत नाही, आणि फोनवरच्या त्या गृहस्थाने हे सांगितलं नव्हतं. सकाळच्या स्क्रूटिनीत तपासनिसाने मागच्या टायरवरून हात फिरवला, स्ट्रिप बघितली आणि बाईक बाजूला काढायला लावली. त्याचं शंभर टक्के बरोबर होतं. कोपऱ्यातून थ्रॉटल उघडताना टायर जो ताण सोसतो त्यात स्ट्रिप बाहेर फेकली जाऊ शकते, आणि तुमच्यामागून येणारा त्याची किंमत मोजतो. चूक त्याची आहे, ज्याने त्याच टायरवर नऊशे किलोमीटर तोडत या म्हणून सांगितलं. मग "व्यवस्था" झाली. त्याच्याच ओळखीच्या माणसाकडे १५०/६०-१७ चा टायर तयार होता, छापील किमतीपेक्षा अडीच हजारांनी जास्त. वर बसवायचे आठशे. घ्यायचा तर घ्या, नाहीतर घरी जा. आम्ही घेतला.

पण नवा टायर लगेच पकडत नाही. त्याच्या वरच्या गुळगुळीत थराला घासून खरखरीत व्हायला वेळ लागतो, तोवर बाईक हळूहळू थोडी थोडी जास्त झुकवत न्यावी लागते. त्यामुळे माझं पहिलं सेशन टायर घासण्यात गेलं. पैसे मात्र पूर्ण सेशनचे.

लेदर सूटची गोष्टही तशीच. फोनवर दीड हजार भाडं ठरलं होतं. तिथे पोचल्यावर साडेतीन हजार झालं, दहा हजार अनामत वेगळी, आणि गुडघ्याचे स्लायडर (कोपऱ्यात झुकल्यावर डांबराला घासणारे तुकडे) भाड्यात धरलेले नाहीत म्हणे. सूटच्या पाठीचा संरक्षक फोम दबून कागदासारखा झालेला. भाड्याचा सूट घेऊ नका. स्वतःचा घ्या, मित्राचा मागा, पण अंगावर काय आहे हे तुम्हाला घरी असतानाच माहीत पाहिजे. आंबूर, वाणियंबाडी, राणीपेट ही कातड्याच्या धंद्याची गावं तुमच्या वाटेवरच आहेत, तरी ट्रॅकवर सूट चढ्या भावाने भाड्याने घ्यायचा हा अन्याय मला अजून सहन होत नाही.

यावर माझं मत पक्कं आहे. बाईक छोट्या हत्तीत टाका. चौघे मिळून गेलात तर एका मोठ्या पिकअपमध्ये चार बाईक बसतात आणि खर्च वाटला जातो. रेल्वे पार्सलनेही जाते, पेट्रोल पूर्ण काढून, पोत्यात नीट बांधून, आरसी आणि ओळखपत्राच्या प्रती देऊन. तुम्ही मात्र झोपून जा. दोन दिवस हायवेवर बसलेली कंबर आणि मनगटं ट्रॅकवर ब्रेक मारताना साथ देत नाहीत.

आता ट्रॅक. लहानपणी गॅरेजमधले मेस्त्री शोलावरमच्या गोष्टी सांगायचे, मद्रासच्या उत्तरेला युद्धकाळातल्या धावपट्टीवर व्हायच्या त्या शर्यती. १९५३ मध्ये स्थापन झालेल्या मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबने पुढे इरुंगट्टुकोट्टईला कायमचा ट्रॅक बांधला, तो १९९० मध्ये खुला झाला. आरएक्स १०० च्या सायलेन्सरचा आवाज ऐकून शाळा बुडवणाऱ्या पोराच्या डोक्यात हे नाव बसलं ते बसलंच. आयुष्यभर मैदानावरच्या मातीच्या शर्यती केल्या, पण डांबराचा खरा ट्रॅक वेगळाच. ३.७१७ किलोमीटर, बारा कोपरे. सरळ रेषेवरून पूर्ण थ्रॉटलमध्ये सी-वन ह्या पहिल्या, वेगवान उजव्या कोपऱ्यात शिरताना पोटातून जे उठतं त्यासाठी मी वालाजापेटचा रस्ता पुन्हा करीन, पिकअपमध्ये बसून.

सी-वनला घाबरून मध्येच थ्रॉटल सोडू नका. झुकलेल्या बाईकचा थ्रॉटल झटकन बंद केला की वजन पुढच्या चाकावर येतं, रेषा बिघडते. आत शिरण्याआधी वेग हवा तेवढा कमी करा, मग हलका, स्थिर थ्रॉटल धरून ठेवा. सुरुवातीच्या फेऱ्यांत वेगाचा विचार सोडा. प्रत्येक कोपऱ्याला ब्रेक कुठे मारायचा याची एक न हलणारी खूण शोधा, कडेची पाटी किंवा डांबराचा जोड. सावली धरू नका, ती दुपारपर्यंत सरकते. टायरमधली हवा कंपनीने सांगितलेल्यापेक्षा तीन-चार पीएसआय कमी ठेवून सुरू करा आणि सेशन संपल्या संपल्या गरम टायरवर पुन्हा मोजा. हवा मोजायचं मीटर स्वतःचं आणा, मागून मिळालेलं चुकीचं दाखवतं.

झेंडे पाठ पाहिजेत. पिवळा म्हणजे पुढे धोका, ओव्हरटेक बंद. लाल म्हणजे सेशन थांबलं, वेग उतरवून पिटमध्ये. लाल-पिवळ्या पट्ट्यांचा म्हणजे रस्ता निसरडा. काळ्यावर नारिंगी गोल म्हणजे तुमच्या बाईकमध्ये बिघाड आहे, बाजूला व्हा. आमच्या गटात दोघांना निळ्याचा अर्थ माहीत नव्हता. मागून वेगवान बाईक येतेय एवढाच तो इशारा, तुम्ही तुमची रेषा सोडायची नाही. ते दोघे दचकून आडवे झाले आणि मागच्याचा जीव थोडक्यात वाचला.

ऊन फार आहे. लेदरमध्ये वीस मिनिटांत माणूस निथळतो. तहान लागायच्या आधी मीठ-साखरेचं पाणी प्या. शेवटच्या सेशनला मांड्या थरथरत असतील तर पैसे गेले म्हणून उतरू नका. पडणारे बहुतेक त्याच सेशनला पडतात, त्या दिवशीही तसंच झालं.

ज्याला खरंच शर्यत करायची आहे त्याने ट्रॅक डेवर पैसे घालत बसू नये. शिकायचं असेल तर प्रशिक्षण वर्गाला जा. कॅलिफोर्निया सुपरबाइक स्कूलचे वर्ग याच ट्रॅकवर भरत आले आहेत. स्पर्धेसाठी एफएमएससीआयचा, म्हणजे देशातल्या मोटरस्पोर्ट क्लबांच्या महासंघाचा, परवाना लागतो आणि त्यासाठी वैद्यकीय प्रमाणपत्र. वन-मेक प्रकारात निवड झाली तर बाईक कंपनीचीच असते, सगळ्यांना सारखी, म्हणजे ती न्यायचा प्रश्नच मिटला. वय आडवं येतं असं मला कुणी सांगू नये. परतल्यावर मी पहिलं काम परवान्याचा अर्ज काढायचं केलं.

कोइंबतूरच्या करी स्पीडवेचं बरेच जण विचारतात. तो २.१ किलोमीटरचा, लहान. दीडशे सीसीच्या आतली बाईक असेल तर तिकडे जा, मजा जास्त येईल. त्यावरची असेल तर चेन्नईच.

ट्रॅकनंतर बाईक चालवतच परत आणणार असाल तर निघण्याआधी ब्रेक पॅड काढून बघा. एका दिवसात निम्मे उडालेले असू शकतात. ब्रेक ऑइल उकळून लिव्हर मऊ लागत असेल तर ते बदलल्याशिवाय हायवेला लागू नका. चेनचा ताण बघा, आरसे आणि नंबरप्लेट परत लावा, टायरमध्ये रस्त्याची हवा भरा. ऑक्टोबर ते डिसेंबर तिकडे परतीचा पाऊस असतो, तेव्हा तारीख घेऊ नका. जानेवारी-फेब्रुवारी धरा, आणि ठरलेला प्रत्येक पैसा फोनवर न बोलता लेखी मागवून घ्या, सूटच्या स्लायडरसकट.