आईसाठी गावात नर्स मिळवताना

आईच्या खुब्याचं ऑपरेशन नीट झालं. डिस्चार्जच्या कागदावर औषधं होती, टाके कधी काढायचे ते होतं आणि सर्वांत खाली लिहिलं होतं, 'घरी नर्सिंग केअर घ्यावी.' आई-बाबा गावात राहतात. बाबांनी पंचाहत्तरी ओलांडली आहे आणि मी नोकरीमुळे दूर असते. तेव्हा ही एक ओळ प्रत्यक्षात कशी आणायची, याचाच मला घोर लागला होता.

वॉर्डातल्या सिस्टरांनी मोठी मदत केली. घरी गेल्यावर कोणती कामं शिकलेल्या नर्सनेच करायची आणि कोणती घरच्यांना किंवा मदतनीस बाईला जमतील, हे मी त्यांच्याकडून वेगवेगळं लिहून घेतलं. जखमेचं ड्रेसिंग, टाके आणि लघवीची नळी नर्सकडे. अंग पुसणं, कूस बदलणं, वॉकर धरून चालवणं घरच्यांकडे, पण आधी शिकून. रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून पोटावर द्यायचं इंजेक्शन खुब्याच्या ऑपरेशननंतर साधारण ३५ दिवसांपर्यंत चालू ठेवतात. तेही शिकवल्यावर घरी देता येतं. घरी माणूस लावायच्या विचारात असाल तर असा कागद आधी करून घ्या. घरी माणसं पुरवणारे बहुतेक ब्यूरो मदतनीस बाई देतात आणि तिलाच नर्स म्हणतात. हातात यादी असली की 'हे काम त्यांना येतं का?' असं फोनवर थेट विचारता येतं.

तरी नकार आलेच. गावाचं नाव ऐकलं की 'इतक्या आत आमचं कुणी येत नाही.' एका ठिकाणी होकार दिला आणि नंतर फोनच उचलला नाही. त्याचा मला आजही राग आहे, कारण आजारी माणसाच्या घरी 'उद्या येतो' या शब्दावर सगळं बेतलेलं असतं. शेवटी ज्या सेवेने हो म्हटलं, त्यांनी आधी रस्ता कसा आहे, घरात फोनला रेंज कुठे मिळते आणि रात्री आईजवळ कोण असतं, हे विचारलं. नर्स एक दिवसाआड येणार आणि येण्याजाण्यातच तिचा बराच वेळ जाणार. म्हणून मी एकच मागणं केलं. प्रत्येक वेळी तीच नर्स यावी आणि तिने कामासोबत बाबांना शिकवावं.

पहिल्या दिवशी या सेवेच्या नर्सने, म्हणजे आमच्या घरच्या सिस्टरांनी, सगळं घर पाहिलं. पलंगाची उंची, बाथरूमपर्यंतची वाट, पायात अडकेल अशी सतरंजी, रात्रीचा दिवा. मग आईला कुशीवर वळवून तिच्या माकडहाडावरची लालसर जागा बाबांना दाखवली. बोटाने दाबली, सोडली. जागा पांढरी झाली आणि पुन्हा लाल झाली. "बाबा, दाबल्यावर अशी पांढरी होतेय तोवर वेळ गेलेली नाही. लालच राहिली तर ती बेडसोअरची, म्हणजे पडून राहिल्याने होणाऱ्या जखमेची, सुरुवात समजायची आणि मला लगेच कळवायचं."

कूस बदलायला शिकवणं हा त्या दिवसाचा मुख्य भाग होता. आईला ओढायचं नाही, ओढल्याने त्वचा आतून सोलवटते. खाली दुमडलेली चादर घालून दोघांनी ती उचलून सरकवायचं. वळवताना एक हात खांद्यावर, एक कमरेवर. दोन्ही गुडघ्यांमध्ये उशी, म्हणजे ऑपरेशनचा पाय दुसऱ्या पायावर जात नाही. पाठीला उशी लावून साधारण ३० अंशांचा कल द्यायचा, टाचा अधांतरी ठेवायच्या. दिवसा दर २ तासांनी कूस बदलायची. एका नातलगांनी प्रेमाने आणलेली मधे भोक असलेली गोल उशी त्यांनी बाजूला ठेवली, कारण तिच्या कडांचा दाब पडून मधल्या भागाचं रक्त अडतं. बाबांनी त्यांच्यासमोर तीन-चारदा करून दाखवलं, तेव्हाच त्या उठल्या.

आईचं मन वळवणं याहून अवघड गेलं. "परक्या बाईकडून मी अंग पुसून घेऊ?" असं म्हणून तिने तोंड फिरवलं. मी समजूत घालायला लागले, तर सिस्टर म्हणाल्या, "ताई, मला आजींनाच विचारू द्या." त्या प्रत्येक गोष्ट तिला विचारून करत. अंगावर चादर ठेवून एका वेळी एकच हात, मग एकच पाय उघडा करत. नको म्हटलं तर थांबत. आठवडाभरात आई स्वतःहून त्यांची वाट पाहायला लागली. म्हातारी माणसं घरची सेवा नाकारतात तेव्हा त्यांना हट्टी म्हणणं मला पटत नाही. आपल्या शरीराचा निर्णय आपल्याला न विचारता होतोय, ही त्यांची खरी तक्रार असते.

सगळं एका वहीत लिहायचं ठरलं. ताप, बीपी, दिलेली औषधं, पिशवीत जमलेली लघवी. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात धोक्याच्या खुणा: ताप, लघवी गढूळ होणं किंवा थांबणं, पोटरी सुजून दुखणं, धाप लागणं, अचानक असंबद्ध बोलणं. ही शेवटची खूण कामी आली. एका रात्री आई बाबांनाच ओळखेना. बाबांनी वही उघडून सिस्टरांना फोन लावला, आकडे वाचून दाखवले आणि त्याच रात्री तिला दवाखान्यात नेलं. मूत्रमार्गात संसर्ग होता. वयस्कर माणसांत तो कधी कधी आधी असा डोक्यात दिसतो, ताप नंतर येतो. नळी जितके जास्त दिवस राहते तितका संसर्गाचा धोका वाढतो, म्हणून ती काढता येईल का, हे सिस्टरांनी डॉक्टरांना लावून धरलं. नळी निघाली आणि आईचा चेहराच बदलला.

सिस्टर बाबांचंही बीपी बघायच्या. "रात्री सलग किती झोपलात?" हे त्यांना विचारणाऱ्या त्या एकट्याच. त्यांच्या सांगण्यावरूनच आम्ही रात्रीपुरती मदतनीस ठेवली.

आता आई वॉकर घेऊन अंगणापर्यंत जाते आणि नर्सची फेरी आठवड्यातून एकदाच होते. फिजिओथेरपिस्ट मात्र गावात यायला अजून कुणी तयार नाही. व्यायाम सध्या व्हिडिओ कॉलवर होतात, बाबा फोन धरतात. माझा शोध चालू आहे.