आमची वाटचाल: जुने बेंच व्हाइस, त्यांचा काळ आणि त्यांचे सुटे भाग

आमच्या व्यवसायाची सुरुवात जिग आणि फिक्श्चर, म्हणजे यंत्रकामात वस्तू नेमक्या जागी धरून ठेवणारी साधने, यांच्या दुरुस्तीने झाली. जुना बेंच व्हाइस, म्हणजे बाकावर बसवून वस्तू घट्ट पकडायचा शिकंजा, हे त्या वेळी आमच्या दृष्टीने केवळ एक साधन होते. नव्या, हलक्या व्हाइसचे जबडे थोड्याच वापरात सैल पडत, आणि भंगारातून आणलेला जाड बिडाचा व्हाइस मात्र कितीही कानस चालवली तरी जागचा हलत नसे. हा फरक दुरुस्तीचे काम घेऊन येणाऱ्या ग्राहकांच्याही नजरेत भरला आणि ‘असाच एक आम्हालाही मिळवून द्या’ अशी मागणी होऊ लागली. हळूहळू मूळ काम मागे पडले. आज आम्ही जुने व्हाइस विकत घेतो, पूर्ण खोलतो, दुरुस्त करतो आणि प्रत्येकासोबत त्याच्या घडणीचा काळ नोंदवलेली चिठ्ठी देतो. त्या चिठ्ठीवर काय लिहायचे आणि काय लिहायचे नाही, हे ठरवता ठरवताच आमच्या कामाला आजचे वळण लागले.

खरेदी करताना रंगाला आम्ही महत्त्व देत नाही. उलट नुकताच चकचकीत रंगवलेला व्हाइस सहसा टाळतो, कारण रंगाखाली पुट्टी आणि पुट्टीखाली भेग दडवणे मुळीच अवघड नसते. पुढच्या जबड्याचे मूळ आणि सरकता दांडा ज्या तोंडातून बाहेर येतो त्याच्या कडा, या दोन जागा आधी हाताने चाचपून आणि मग उजेडात धरून पाहतो. छोट्या हातोडीने अंगावर टिचकी मारली की धडधाकट बीड खणखणीत वाजते आणि तडकलेल्याचा आवाज बसका येतो. अर्थात व्हाइस बाकावर घट्ट बसवलेला असेल तर या परीक्षेवर फारसे विसंबता येत नाही. जबडा अर्धा उघडून वर-खाली हलवला की दांड्याची झीज समजते, आणि हँडल पुढे-मागे फिरवून जबडा हलण्यापूर्वी ते किती मोकळे फिरते हे पाहिले की स्क्रू आणि नटची झीज समजते. नट नवा करता येतो, अंग नवे करता येत नाही. म्हणून आटे झिजलेला व्हाइस आम्ही घेतो, अंग तडकलेला घेत नाही. वाकलेले हँडल हा तर आमच्या मते दोषच नव्हे. जोर अति झाला तर स्क्रू किंवा बीड तुटण्याआधी हँडल वाकावे, यासाठी ते मऊ ठेवण्याची पद्धत चांगल्या कारखान्यांत होती. मात्र कोणीतरी त्यात पाइप घालून ताकद लावली होती, एवढी साक्ष ते देते, आणि मग बाकीचे अंग अधिक बारकाईने पाहावे लागते.

काळ ठरवण्याच्या कामात आमचा सर्वाधिक वेळ जातो, आणि खरे सांगायचे तर गोडीही त्यातच आहे. अंगावर ओतलेली पेटंटची तारीख म्हणजे व्हाइस बनल्याची तारीख, असा समज विक्रेत्यांत सर्रास आढळतो. प्रत्यक्षात ती तारीख फक्त सर्वांत आधीची सीमा सांगते: व्हाइस त्यापूर्वीचा नाही, एवढेच. एकदा तयार झालेला ओतकामाचा साचा पेटंटची मुदत सरल्यावरही वर्षानुवर्षे वापरात राहू शकतो, आणि अमेरिकेत ही मुदत दीर्घकाळ 17 वर्षांची होती. देशाच्या नावाचाही उपयोग होतो. अमेरिकेने 1890 च्या जकात कायद्याने आयात मालावर मूळ देशाचे नाव घालणे सक्तीचे केले. ‘पश्चिम जर्मनी’ असा उल्लेख असेल तर तो माल 1949 ते 1990 या काळातला. आणि पत्त्याच्या पट्टीवर अमेरिकेचा झिप क्रमांक (तिकडचा पिन कोड) असेल तर ती पट्टी 1963 नंतरचीच. इंग्लंडमधील शेफील्डच्या सी. अँड जे. हॅम्प्टन कंपनीचा ‘रेकॉर्ड’ हा छाप प्रसिद्ध आहे. त्यासोबत ‘रिजवे’ हे नाव दिसले तर तो माल 1970 च्या दशकातला किंवा त्यानंतरचा.

विल्टन कंपनीचे बंदुकीच्या गोळीच्या आकाराचे व्हाइस ही आमच्याकडे सर्वाधिक विचारणा होणारी जात. ह्यूगो व्होगल यांनी 1941 मध्ये शिकागोत ही कंपनी काढली. या व्हाइसच्या सरकत्या दांड्याच्या खालच्या बाजूला महिना आणि वर्ष ठोकलेले असते, त्यामुळे काळ ठरवणे सोपे वाटते. पण सुरुवातीच्या मालावरचा तो शिक्का पाच वर्षांची हमी केव्हा संपते हे सांगणारा आहे, तर पुढच्या काळात बनवल्याचीच तारीख ठोकली जाऊ लागली. सरसकट पाच वर्षे वजा करणारा आणि कधीच वजा न करणारा, दोघेही फसतात. म्हणून शिक्क्याशेजारची अक्षरे, आणि अंगावरचा पत्ता शिकागोचा आहे की पुढच्या काळातल्या शिलर पार्कचा, हे दोन्ही ताडून पाहिल्याशिवाय आम्ही वर्ष लिहीत नाही.

यातले बरेच पुरावे व्हाइस खोलल्यावरच हाती लागतात, म्हणून काळ ठरवणे आणि सुटे भाग करणे ही आमच्याकडे दोन वेगळी कामे राहिली नाहीत. स्क्रू पूर्ण उलटा फिरवला की पुढचा जबडा दांड्यासकट बाहेर येतो. तो जड असतो, त्यामुळे शेवटच्या काही आट्यांना खालून आधार द्यावा लागतो. आत ग्रीस आणि लोखंडाचा कीस मिळून दगडासारखा थर झालेला असतो, आणि त्याखाली पुष्कळदा मूळ रंग शाबूत सापडतो. खरा कस लागतो तो स्क्रूवरची कॉलर, म्हणजे त्याला जागी धरणारे कडे, काढताना. काही व्हाइसमध्ये ती निमुळत्या पिनेने अडकवलेली असते. पिनेचा उतार साधारण 50 ला 1 इतकाच, शिवाय दोन्ही टोके ठोकून सपाट केलेली आणि वर रंगाचे थर. त्यामुळे बारीक टोक कोणते हे डोळ्यांना कळत नाही. आम्ही दोन्ही बाजू खरवडून चकचकीत करतो, कॅलिपरने व्यास मोजतो, बारीक टोकावर खूण करतो, भेदक तेल टाकून रात्रभर ठेवतो आणि दुसऱ्या दिवशी कॉलर खालून पक्की टेकवून पंचाने एकच दमदार ठोका देतो. जाड टोकाकडून मारलेला प्रत्येक ठोका पिन अधिकच आवळतो, आणि हलक्या हाताने वीस वेळा मारले तर टोक फुलून पिन भोकात कायमची बसते.

जबड्यांच्या पोलादी पट्ट्यांचे स्क्रूही असेच हट्टी असतात. ते ऊब आणि इम्पॅक्ट ड्रायव्हर (हातोडीच्या ठोक्याने फिरणारा पेचकस) यांनाच दाद देतात. त्यांची डोकीही बोलकी असतात: चार पाकळ्यांचा फिलिप्स स्क्रू 1930 च्या दशकात बाजारात आला, तेव्हा त्याहून जुन्या व्हाइसवर तो दिसला तर पट्टी कधीतरी बदललेली आहे. आट्यांचा कोन 55 अंशांचा निघाला तर व्हिटवर्थ, म्हणजे ब्रिटिश घडणीकडे बोट जाते. 60 अंश असेल तर अमेरिकी किंवा मेट्रिक. मात्र स्क्रू हा सहज बदलणारा भाग असल्याने त्याची साक्ष आम्ही दुय्यम मानतो.

गंज काढण्यासाठी धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात विजेचा प्रवाह सोडण्याची पद्धत आम्ही वापरतो. व्हाइसचा भाग ऋण टोकाला आणि टाकाऊ साधे लोखंड धन टोकाला जोडतो. तेथे स्टेनलेस स्टील लावल्यास विषारी क्रोमियम पाण्यात उतरते. हायड्रोजन वायू सुटतो म्हणून हे काम उघड्यावरच चालते, आणि कडक स्प्रिंगा त्या टाकीत घालत नाही, कारण हायड्रोजनमुळे त्या ठिसूळ होऊ शकतात. जुन्या रंगात शिसे असण्याची शक्यता धरून तो कोरडा घासत नाही, ओला खरवडतो. अंगावरचे ड्रिलचे खड्डे आणि करवतीच्या खुणा आम्ही भरत नाही. त्यावरून काही ग्राहक नाराज होतात, पण पुट्टी लावलेल्या व्हाइसबद्दल आमचे मत वर आलेच आहे.

चिठ्ठीवर आता तीन गोष्टी असतात: काळाची मर्यादा, ती कोणत्या पुराव्यावरून ठरवली ते, आणि कोणते भाग मूळचे नाहीत. ठोकलेला शिक्का नसेल तर एक वर्ष न लिहिता दोन सीमा लिहितो. नेमके वर्ष हवे असणारा संग्राहक यामुळे कधीकधी दुसरीकडे जातो. काम करणारा फिटर मात्र शेवटची ओळच आधी वाचतो.

अलीकडे पूर्ण व्हाइसपेक्षा नुसते नट बनवून देण्याची मागणी वाढली आहे. अशा कामासाठी आम्ही ग्राहकांना जुना नट आणि स्क्रू दोन्ही पाठवायला सांगतो. झिजलेल्या नटावरून आट्यांचे माप घेता येत नाही. ते स्क्रूच्या टोकाकडच्या, कमी वापरलेल्या आट्यांवरून घ्यावे लागते. नट अंगात कसा बसतो, हे मात्र जुन्या नटावरूनच कळते.