आउटबोर्डचा एअर कॉम्प्रेसर: दोन दाबांच्या नोंदीवरून लागलेला शोध

मालवणला स्कूबा डायव्हर्सना घेऊन जाणारी आमची होडी टू-स्ट्रोक डायरेक्ट इंजेक्शनच्या आउटबोर्डवर, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून बसवलेल्या इंजिनावर चालते. आपल्या किनाऱ्यावर या जातीची मशिने कमी आहेत. मच्छीमारांकडे बहुधा साधी कार्ब्युरेटरची टू-स्ट्रोक असतात आणि पर्यटनाच्या नव्या होड्यांवर फोर-स्ट्रोक दिसतात. त्यामुळे आमच्या इंजिनात बिघाड झाला, तेव्हा सल्ला देणारे पुष्कळ भेटले, परंतु या इंजिनाच्या डोक्यावर एक स्वतंत्र एअर कॉम्प्रेसर बसवलेला असतो आणि त्याच्यावाचून इंजिन चालूच शकत नाही, हे त्यांतील मोजक्याच लोकांना ठाऊक होते. ज्यांच्याकडे अशी इंजिने आहेत किंवा जे ती जुन्या बाजारातून घेण्याच्या विचारात आहेत, त्यांच्यासाठी हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

प्रथम रचना समजून घेतली पाहिजे. हवेच्या साहाय्याने थेट सिलिंडरमध्ये इंधन फवारण्याचे हे तंत्र ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे राल्फ सॅरिच यांनी स्थापन केलेल्या ऑर्बिटल या कंपनीत विकसित झाले आणि 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धात ते आउटबोर्डमध्ये आले. यात प्रत्येक सिलिंडरमागे दोन इंजेक्टर असतात. पहिला इंजेक्टर मोजके पेट्रोल एका लहानशा पोकळीत सोडतो आणि दुसरा उघडताच दाबाखालची हवा ते पेट्रोल अतिशय बारीक तुषारांच्या रूपात सिलिंडरमध्ये ढकलते. ही हवा पुरवणारा कॉम्प्रेसर फ्लायव्हीलवरून (इंजिनाच्या जड फिरत्या चाकावरून) येणाऱ्या बेल्टवर फिरतो. त्याला स्वतःचा पिस्टन, रिंगा आणि रीड व्हॉल्व्ह (हवा एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या पातळ पात्यांच्या झडपा) असतात, वंगणासाठी इंजिनाच्या ऑइल पंपावरून वेगळी नळी येते आणि थंड राहण्यासाठी समुद्राचेच पाणी त्याच्या अंगातून फिरवलेले असते. आमच्या इंजिनाच्या मॅन्युअलनुसार हवेचा दाब सुमारे 80 पीएसआय (दर चौरस इंचावर पौंड) आणि पेट्रोलचा दाब त्याहून 10 पीएसआय अधिक, म्हणजे सुमारे 90 पीएसआय असावा लागतो. मॉडेलप्रमाणे हे आकडे बदलतात, म्हणून आपल्या इंजिनाचे आकडे मॅन्युअलमधूनच घ्यावेत. मात्र दोन दाबांमधला फरक राखला जाण्याचे तत्त्व सगळीकडे एकच आहे: पेट्रोलचा रेग्युलेटर (दाब नेमका राखणारा भाग) हवेच्या दाबाचा मागोवा घेत राहतो, त्यामुळे हवा उतरली की पेट्रोलचा दाबही तिच्यामागोमाग उतरतो.

आमचा सगळा शोध या शेवटच्या वाक्याभोवती फिरला.

लक्षणे हळूहळू आली. पावसाळ्यात जलपर्यटन बंद असते, तेव्हा होडी वर ओढलेली होती. मोसम सुरू झाल्यावर सकाळी इंजिन सुरू करताना पूर्वीपेक्षा जास्त वेळ सेल मारावा लागू लागला. नंतर न्यूट्रलमध्ये इंजिन वर-खाली होऊ लागले आणि पूर्ण थ्रॉटल देऊनही आरपीएम पूर्वीच्या जागी पोहोचेना. सर्वांत काळजी वाटायला लावणारी गोष्ट अशी की, डायव्हर्स पाण्यात असताना बंद ठेवलेले गरम इंजिन ते वर आल्यावर लवकर सुरू होत नसे. प्रवाहात वाहत जाणारी होडी आणि पाण्यात माणसे, अशी ती अवस्था असते, म्हणून दोष सापडेपर्यंत होडी बाहेर न काढण्याचा निर्णय आम्ही घेतला. त्याआधीच्या शेवटच्या फेरीत काही वेळ वेगाने चालल्यावर अलार्म वाजून इंजिनाने आपणहून आरपीएम कमी केले होते, आणि ही खूण पुढे फार उपयोगी पडली.

ज्या मेकॅनिकने पहिल्यांदा पाहिले, त्याने पेट्रोलच्या रेलला (इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीला; हवेची रेल वेगळी असते) गेज लावला. तो 70 पीएसआयच्या आसपास थांबला. 90 हवे असताना 70 येतात, म्हणजे इंधनाचा पंप कमजोर झाला, असे त्याचे मत पडले आणि पंपाबरोबर इंजेक्टरही बदलण्याचा खर्च त्याने सांगितला. वरवर पाहता ते तर्कशुद्धच होते. परंतु रेग्युलेटर हवेच्या मागे चालतो हे मॅन्युअलमध्ये वाचलेले असल्याने हवेच्या रेलचा दाब पाहिल्याशिवाय काहीही विकत घ्यायचे नाही, असे मी ठरवले. आमच्या ओळखीचे एक वयस्कर मिस्त्री या इंजिनांवर पूर्वी काम करून आलेले आहेत, त्यांना बोलावले. त्यांचे पहिले वाक्यच होते, “आधी हवा बघ, मगे पेट्रोल.”

दोन्ही रेलवर टायरच्या वॉल्व्हसारखे तोंड दिलेले असते. तेथे एकाच वेळी दोन गेज लावले. त्यापूर्वी बॅटरी पूर्ण चार्ज करून तिची टोके घासून घेतली, कारण कमजोर बॅटरीवर इंजिन सावकाश फिरते, कॉम्प्रेसरही सावकाश फिरतो आणि धडधाकट कॉम्प्रेसरसुद्धा निकामी असल्यासारखा दिसतो. इंजिन सुरू होऊन स्थिर झाल्यावर पेट्रोल 70 आणि हवा 60 दिसली. फरक बरोबर 10 चा! याचा अर्थ इंधन पंप व रेग्युलेटर आपले काम चोख करत होते आणि कमतरता हवेची होती. फरक कमी-जास्त आला असता, तर शोध रेग्युलेटर, इंधन पंप आणि फिल्टर यांच्याकडे वळवावा लागला असता. पेट्रोलचा एकच गेज पाहून निदान करणे या इंजिनांच्या बाबतीत किती धोक्याचे आहे, हे मला येथे आग्रहाने सांगावेसे वाटते.

हवा कमी असण्याची कारणे तीन गटांत मोडतात: कॉम्प्रेसरमध्ये हवा शिरत नाही, कॉम्प्रेसर ती दाबत नाही, किंवा दाबलेली हवा कुठेतरी निसटते. हवेच्या तोंडावरचा फिल्टर काढला तर तो मिठाने व तेलकट धुळीने जड झालेला होता, पण तो काढून ठेवल्यावरही गेज जेमतेम हलला. बेल्ट शाबूत होता, त्याच्या कडांना भेगा नव्हत्या आणि त्याच बेल्टवर चालणारा अल्टरनेटर व्यवस्थित चार्जिंग देत होता. गळती तपासण्यासाठी मिस्त्रींनी टायरवाल्याकडचा कॉम्प्रेसर रेग्युलेटरसह मागवला, तो उघड्यावर लांब ठेवून हवेच्या रेलला बाहेरून 80 पीएसआय हवा दिली आणि सगळ्या सांध्यांवर साबणाचे पाणी लावले. (पेट्रोलच्या नळ्यांजवळ हे काम चालते, त्यामुळे आधी पेट्रोलचा दाब सोडणे, कव्हर उघडे ठेवून वाफ जाऊ देणे आणि ठिणगी उडेल असे काहीही जवळ न ठेवणे अनिवार्य आहे.) एका सांध्याच्या ओ-रिंगपाशी बारीक बुडबुडे आले, ती बदलली. जास्तीची हवा सोडून देणाऱ्या रेग्युलेटरची बाहेर जाणारी नळी काढून पाहिली, तेथून वेळेआधी हवा निसटत नव्हती. हवेच्या नळीत पेट्रोलचा वासही नव्हता. तसा वास आला असता, तर गळका इंजेक्टर किंवा रेग्युलेटरमधला फाटलेला पडदा असा संशय घ्यावा लागला असता.

त्यानंतर बाहेरची हवा जोडलेली ठेवूनच सेल मारला. इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झाले, न्यूट्रलमध्ये एका लयीत चालू लागले आणि पेट्रोलचा गेज आपोआप 90 वर जाऊन बसला. ज्या पंपाला आम्ही काढून टाकणार होतो, तो पूर्ण दाब देत होता. आता कॉम्प्रेसर उघडण्याला ठोस आधार मिळाला.

उघडण्याआधी एक गोष्ट पाहून घेतली. कॉम्प्रेसरमधून फिरून येणाऱ्या पाण्याची धार बारीक आणि तुटक पडत होती, तर इंजिनाची मुख्य धार चांगली होती. अलार्मचे कारण तेच. आमची ये-जा तारकर्ली-देवबागच्या बाजूने, कर्ली नदीच्या मुखाजवळून होते. तेथे ओहोटीला पाण्यात रेती इतकी असते की पाणीपंपाच्या इंपेलरची पाती एका मोसमात झिजतात, आणि कॉम्प्रेसरच्या अरुंद वाटेत ती रेती मिठाबरोबर घट्ट बसते. थंडावा मिळाला नाही की कॉम्प्रेसर तापतो आणि त्यातले तेल जळून काजळी धरते. हेड काढल्यावर हेच दिसले. रीड व्हॉल्व्हवर कडक काजळीचा थर होता, एका पातीची कड तुटलेली होती आणि सिलिंडरवर बारीक उभे ओरखडे होते, मात्र नखाला लागतील इतके खोल नव्हते.

तुटलेला तुकडा शोधण्यात आमचा बराच वेळ गेला, आणि तो देणे आवश्यकच होते. असा तुकडा नळीतून रेलमध्ये गेला, तर हवेचा इंजेक्टर अडतो आणि तो खर्च कॉम्प्रेसरच्या खर्चाच्याही पुढे जातो. तो हेडच्या आतील खोबणीत काजळीला चिकटलेला सापडला. तरीही नळी काढून उलट्या दिशेने हवा मारून घेतली. रीडची जोडणी, पिस्टनच्या रिंगा आणि गॅस्केट नवे घातले. पाण्याच्या वाटेतली रेती जाड तंगूस (मासेमारीचा नायलॉनचा दोरा) आत सारून सोडवली आणि गोड्या पाण्याने वाट मोकळी होईपर्यंत धुतली. पाणीपंपाचा इंपेलरही बदलला, कारण मूळ दोष तसाच ठेवून नवे भाग घालण्यात अर्थ नव्हता. जोडताना कॉम्प्रेसरकडे येणारी तेलाची नळी सोडून तीतून तेल येते याची खात्री केली आणि नळीतली हवा पूर्ण निघाल्यावरच इंजिन फिरवले. कोरडा कॉम्प्रेसर काही क्षण फिरला, तरी नव्या रिंगा खराब होतात. त्यानंतर हवा 80 आणि पेट्रोल 90 वर आले, आणि गरम इंजिनही लगेच सुरू होऊ लागले.

तेव्हापासून देखभालीची पद्धत बदलली आहे. फेरीनंतर गोडे पाणी जोडून इंजिन धुताना मुख्य धारेवर समाधान न मानता कॉम्प्रेसरची वेगळी धार जोरात येईपर्यंत आम्ही ते चालू ठेवतो. तेल डायरेक्ट इंजेक्शनसाठी शिफारस केलेलेच वापरतो, कारण स्वस्त तेलाची काजळी सर्वांत आधी रीडवर बसते. हवेचा फिल्टर नियमित पाहतो. पेट्रोलमध्ये आता 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल येते, तर अनेक आउटबोर्ड उत्पादक 10 टक्क्यांपर्यंतचीच मुभा देतात, म्हणून टाकीत पेट्रोल साचवून ठेवत नाही आणि पाणी वेगळे करणारा फिल्टर वरचेवर रिकामा करतो. दोन्ही दाब ठरावीक काळाने मोजून वहीत लिहितो. 80 चे 76 झाले की इंजिन अजून उत्तम चालत असते, आणि शोध घ्यायची खरी वेळ तीच असते.

बेल्ट तुटला, तर मात्र हवेबरोबर चार्जिंगही जाते आणि इंजिन लगेच बंद पडते. त्यासाठी होडीत जादा बेल्ट आणि टेन्शनर मागे ओढण्यासाठी लांब दांड्याचा पाना एकाच डब्यात ठेवला आहे. तो बदलण्याचा सराव आमच्या तांडेलांनी (होडी चालवणाऱ्यांनी) धक्क्याला बांधलेल्या होडीवर करून घेतला आहे, कारण हलत्या होडीवर फ्लायव्हीलचे कव्हर काढून पहिल्यांदाच हे काम करणे फार अवघड जाते.